दृश्यमानता पाच किलोमीटर

नारायणगावच्या स्टँडवर मी अकरा वर्षं जीप भरल्या. गाडी माझी नव्हती, चालवायचोही मी नाही. माझं काम फक्त ओरडायचं. "ओतूर-मढ, ओतूर-मढ! एकच सीट, एकच सीट! निघाली, निघाली!" आत एकटा ड्रायव्हर, तोही स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला. माझा आवाज एकदा सुटला की तिकडं टोमॅटोचा लिलाव थांबायचा आणि व्यापारी एकमेकांना विचारायचे, हा भाव कुणी बोलला? शिवनेरीवर सहलीला आलेल्या एका बाईंनी तर वरूनच हात हलवून मला खिडकीची सीट धरून ठेवायला सांगितली होती. निम्मं धरा.

हे 'निम्मं धरा' आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मढची म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन यायची आणि विचारायची, "भाऊ, किती येळ?" मी म्हणायचो, "ह्ये काय मावशी, पाच मिनिटांत!" ती मान हलवायची, गाठोडं सीटवर ठेवायची, मिरच्या घ्यायची, चहा प्यायची, दवाखान्यात जाऊन गोळ्या आणायची, आणि पाऊण तासानं गाडी हलताना बरोबर दारात उभी असायची. मी खोटं बोललो असं तिला वाटायचं नाही आणि मलाही वाटायचं नाही. सांगणाऱ्यानं वाढवून सांगायचं, ऐकणाऱ्यानं आपलं आपण कापून घ्यायचं. माझी बायको तर लग्नाच्या पहिल्या महिन्यातच तयार झाली. "तुमी धा म्हनला का मी पाच धरते," ती म्हणायची, "अन् तुमची आई म्हनली व्हती, तीन धर."

अशा माणसाला विमानाच्या रेडिओवर बसवलं, ती चूक कुणाची हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

झालं असं, की पेठच्या वरच्या माळावर एका खासगी संस्थेनं विमान शिकवायची शाळा काढली. एक धावपट्टी, चार छोटी विमानं, पत्र्याची एक मोठी शेड आणि चारी बाजूंना काचा असलेली दुमजली केबिन. शाळेचे मुख्य कॅप्टन एकदा नारायणगावात पंक्चर काढायला थांबले होते. त्यांनी मला ओरडताना ऐकलं. नंतर ते सगळ्यांना सांगायचे, "या माणसाला माईकची गरजच नव्हती, म्हणून म्हटलं याला माईक देऊन बघू." आधी वर्षभर मी गेटवर होतो. काम धावपट्टीवरून शेळ्या हाकलायचं. शेळ्यांचं म्हणाल तर मी नुसतं खाकरलो की त्या पार मंचरपर्यंत जायच्या. मग मला वरच्या काचेच्या खोलीत पाठवलं, मॅडमच्या हाताखाली.

मॅडम साठीच्या. सरकारी रेडिओ केंद्रात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, पुण्याहून येऊन-जाऊन करायच्या. बारीक चण, पांढरे केस, आणि आवाज असा की कानात टाचणी टोचावी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आपण इथं हुकूम देत नाही. ती मोठ्या विमानतळांवरची कामं. आपण माहिती देतो. वारा कुठून, पट्टी मोकळी आहे का, आसपास दुसरं विमान आहे का, किती लांबचं दिसतंय. बस्स. हुकूम पटला नाही तर वैमानिक वाद घालू शकतो. माहितीवर तो विश्वास ठेवतो. म्हणून माहिती जास्त जपायची."

मी म्हटलं, "मॅडम, जिवापाड जपीन."

"जिवापाड नको. आहे तेवढी जपा."

किती लांबचं दिसतंय याला दृश्यमानता म्हणतात. ती मोजायला यंत्र नव्हतं, डोळेच. काचेवर मॅडमनी एक कागद चिकटवला होता. मोबाईलचा टॉवर, दोन किलोमीटर. पाण्याची टाकी, तीन. टेकडीवरचं पांढरं देऊळ, पाच. पलीकडचा डोंगर, दहा. जे सगळ्यात लांबचं दिसेल तो आकडा. देऊळ दिसत असेल तर शिकाऊ विमानं उडायची. देऊळ गेलं की उडायचं नाही, आणि जे वर असेल त्याला खरं सांगायचं, म्हणजे ते दक्षिणेकडं जिथं उघडीप आहे तिथल्या दुसऱ्या पट्टीवर जाऊन उतरेल.

आणि माईकवर एकट्यानं बसायचं तर लायसन्स हवं. आरटीआर म्हणतात सगळे त्याला. सरकारी परीक्षा, आधी रेडिओवर बोलून दाखवायचं, मग तोंडी. नियम, फ्रिक्वेन्सी, लहरी हवेत कशा जातात आणि वरच्या थरावर आपटून परत कशा येतात, सगळं. लायसन्स आणि त्यासोबत मॅडमचं एक पत्र, की हा माणूस भरवशाचा आहे, एवढं झालं की मी कायमचा. तोवर मॅडम शेजारी बसल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

मला ते हवं होतं. किती हवं होतं ते सांगताना मी वाढवणार नाही. सदतीस वर्षांचा होतो आणि आजवर माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याही शब्दाला कुणी पूर्ण किंमत दिलेली नव्हती.

अभ्यास मी चौकात केला. इंग्रजी अक्षरांची रेडिओवरची नावं पाठ करायला हायवेवरच्या नंबरप्लेटसारखं पुस्तक नाही. एमएच चौदा दिसली की "माईक हॉटेल वन फोर." तीनला थ्री म्हणायचं नाही, ट्री म्हणायचं; नऊला नायनर. जुने सोबती जीपच्या बॉनेटवर बसून हसायचे. "पायलटसाहेब, ही मढची गाडी कुठल्या धावपट्टीवर लावू?" मी म्हणायचो, "वारं पश्चिमेचं हाय, वडाच्या बाजूनं उतर." घरी बायको भाकरी थापता थापता माझी परीक्षा घ्यायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण पुस्तकावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायची आणि एक शब्द चुकला तरी म्हणायची, "नापास. परत."

परीक्षेचा नंबर लागला फेब्रुवारीतला. आणि जानेवारीत ते घडलं.

स्टँडवर मी हा प्रसंग निराळा सांगतो. स्टँडवरच्या गोष्टीत धुकं इतकं दाट असतं की मी ते हातानं बाजूला सारतो, आणि विमान माझ्या आवाजाची दोरी धरून खाली उतरतं. लोक चहा पाजतात. इथं लिहितोय ते जसं झालं तसं.

सकाळी आठचा सुमार. ऊन पडलेलं, देऊळ स्वच्छ. नाशिककडची एक विद्यार्थिनी एकटीच विमान घेऊन डिंभे धरणाच्या पाण्याच्या बाजूला सरावाला गेली होती. एकवीस वर्षांची, अंगानं लहानखुरी, सीटवर उशी घेऊन बसायची. सगळ्यांना अहो-जाहो करायची, मला दादा म्हणायची. ती गेल्यावर नदीच्या अंगानं धुकं चढायला लागलं, आणि त्याच वेळी खाली कुणीतरी ऊस तोडलेल्या रानातलं पाचट पेटवलं. धूर आणि धुकं एकात एक मिसळलं की त्याचा रंग ताकासारखा होतो. देऊळ आधी फिकट झालं, मग गेलं. टाकी तेवढी दिसत होती, तीही वरची कड.

मॅडम तेव्हा खाली होत्या. जनरेटरवाला आला होता आणि तो वायरिंग उलटं करून ठेवेल म्हणून त्या त्याच्या डोक्यावर उभ्या राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "पाच मिनिटं. कुणी बोललं तर मला हाक मारा, बटणाला हात लावू नका."

रेडिओ बोलला. तिचा आवाज. बोलणं सगळं इंग्रजीत असतं, पण घाबरलेलं माणूस कुठल्याही भाषेत कळतं. ती म्हणाली, परत येतेय, पुढं सगळं पांढरं दिसतंय, दृश्यमानता सांगा.

मॅडमना हाक मारायला माझ्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत नव्हता. मी खिडकी उघडून ओरडलो असतो तर जनरेटरवाल्याचा पाना हातातून पडला असता. पण मला वाटलं, पोर घाबरलीय. तिला आधी धीर द्यावा. घाटातून चालत येणारा माणूस थकून विचारतो, गाव किती लांब? तेव्हा आपण काय म्हणतो? "ह्ये काय, आलंच." तो आणखी तासभर चालतो, पण चालतो. त्याला "अजून दोन कोस" सांगणारा माणूस आमच्याकडं दुष्ट समजला जातो.

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "व्हिजिबिलिटी फाईव्ह किलोमीटर्स." आणि आवाजात भरपूर ऊन घालून म्हणालो.

"रॉजर," ती म्हणाली. त्या एका शब्दात तिचा श्वास खाली बसलेला मला ऐकू आला. मला फार बरं वाटलं.

तिनं कापून घेतलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर टाकीची कड होती, खाली धूर होता, आणि आमच्या पट्टीला समांतर पुणे-नाशिक हायवेचा नवा बायपास जातो. आधी आवाज आला, मग पलीकडं, रस्त्याच्या बाजूला, धुरातून विमानाचं पोट दिसलं. ती बायपासवर उतरत होती. पट्टी समजून. समोरून कांद्याचा ट्रक येत होता. त्याचे दिवे तिला दिसले असावेत, कारण विमान एकदम वर उचललं गेलं आणि परत धुरात गेलं. ट्रकवाला तिथंच गाडी आडवी लावून खाली उतरला आणि डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. हे सगळं मी काचेतून पाहिलं. माझ्या तोंडातून, माझ्या या तोंडातून, शब्द निघाला नाही.

मॅडम जिना चढून आल्या तेव्हा ती दुसऱ्यांदा येत होती. मॅडमनी माझ्या हातातून माईक घेतला, शांतपणे वारा सांगितला, पट्टीचे दिवे लावले, आणि खरा आकडा सांगितला. तीन. दिव्यांमुळं पट्टी समोर दिसत होती, आता दक्षिणेला वळण्यात अर्थ नव्हता; ती उतरली. जोरात आदळली, उडी मारली, परत आदळली, एक टायर फुटला आणि विमान पट्टीच्या कडेला गवतात जाऊन थांबलं. तिला खरचटलंही नाही. ती बाहेर आली आणि चाकाजवळ उकिडवी बसून राहिली.

मॅडम म्हणाल्या, "नऊची नोंद केलीत?"

दर अर्ध्या तासाला वहीत वारा आणि दृश्यमानता लिहायची असते. मी विसरलो होतो. मी वही ओढली, काचेतून बघितलं, टाकीची कड दिसत होती, आणि लिहिलं: तीन. आयुष्यात इतकी खरी नोंद मी कधी केली नसेल. त्या नोंदीनंच घात केला.

दुपारी कॅप्टननी चौकशी केली. आमचं बोलणं टिपून ठेवणारं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. टेबलावर फक्त वही. विद्यार्थिनी उभी होती, मॅडम बसल्या होत्या, मी दाराशी.

"तीन असताना तू इकडं का आलीस? दक्षिणेला का नाही गेलीस?" कॅप्टननी तिला विचारलं.

"सर, मला पाच सांगितलं."

कॅप्टननी वही माझ्याकडं वळवली. "काय सांगितलंत हिला?"

आता, माझ्याकडं उत्तरं भरपूर असतात. एका प्रश्नाला मी सात उत्तरं देऊ शकतो आणि सातही ऐकण्यासारखी. त्या वेळी मी म्हणालो, "तीन, सर."

दोन शब्द. इतकं छोटं वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो.

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, तेच वाईट. ती आठवत होती. तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, ती परत त्या विमानात जाऊन बसलीय आणि कान देऊन ऐकतेय.

मॅडमनी त्याच टेबलावर कागद घेतला आणि आपल्या हातानं लिहिलं, की शिकाऊ माणसाला एकटं सोडून मी खाली गेले, हा माझा दोष आहे. सही करून कॅप्टनकडं सरकवला. कुणी मागितला नव्हता. मला काही विचारलंही नाही त्यांनी. जाताना फक्त म्हणाल्या, "पुस्तक बंद करू नका. परीक्षा जवळ आलीय."

मुलीचं एकटीनं उडणं थांबवलं. इशारा न ऐकता खराब हवेत आली, असं कागदावर आलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून शिक्षकाला शेजारी घेऊन तास भरायचे, आणि तेही विमान रिकामं असेल तेव्हा.

चार-पाच दिवसांनी ती गेटवर आली. "दादा, मंचरला कानाचे चांगले डॉक्टर आहेत का?"

"कान? का हो ताई?"

"मला पाचच ऐकू आलं होतं. अगदी स्वच्छ. म्हणजे माझ्या कानातच काहीतरी असणार ना? पुढच्या मेडिकल तपासणीत दोष निघण्याआधी बघून घेते. घरी नाही सांगितलेलं."

मी तिला डॉक्टर सांगितला. मंचरच्या स्टँडसमोर, मेडिकल दुकानाच्या वरती. रस्त्यावर जाऊन तिच्यासाठी जीप थांबवली आणि ड्रायव्हरला दम भरला, "ताईला पुढं बसव, नीट ने." एवढं सगळं मी केलं. संध्याकाळी ती कागद घेऊन परत आली. दोन्ही कान उत्तम. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, ऐकायला काही झालेलं नाही. मग ताणामुळं झालं असेल. असं होतं म्हणे, भीतीत माणसाला हवं ते ऐकू येतं." आणि हसायचा प्रयत्न केला.

त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. स्टँडवरच्या गोष्टीत मी त्या संध्याकाळी सांगतो.

बायकोला मी दोरीवाली गोष्ट सांगितली होती. तिनं ऐकून घेतली, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "याच्यातलं निम्मं कापलं तरी कायतरी ऱ्हातंय. काय ऱ्हातंय?"

"काय नाय."

"मंग जेवत का नाय?"

परीक्षेला मी माळशेजवरून कल्याणची एसटी धरून मुंबईला गेलो. गाडीत मढला चढलेल्या दोघांनी मला ओळखलं आणि पायलट झाल्याबद्दल शुभेच्छा दिल्या. मी त्यांना सुधारलं नाही.

परीक्षेची खोली छोटी. टेबल, कानाला लावायचा हेडफोन, समोर एक नकाशा, आणि बाकी चारी बाजूंना कोऱ्या भिंती. परीक्षक पलीकडच्या खोलीत. आणि गंमत अशी, की त्या परीक्षेत उमेदवार वैमानिक असतो. जमिनीवरचा माणूस परीक्षक होतो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. इतके महिने मी काचेच्या खोलीतून बोलायला शिकलो होतो आणि इथं मी विमानात होतो. नकाशावरचं विमान, पण विमान.

मी नाव सांगितलं, उंची सांगितली, कुठून कुठं चाललो ते सांगितलं. सगळं घडाघडा. मग उतरायची वेळ आली आणि मी विचारलं, हवामान सांगा.

कानात आवाज आला. थकलेला, सरळ. वारा इतका, दृश्यमानता चार.

मी वर बघितलं. समोर भिंत होती. मला खिडकी नव्हती. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. तो जांभई देत बोलतोय की खिडकीतून बघून बोलतोय हे मला कळायला मार्ग नव्हता. त्यानं चार म्हटलं म्हणजे माझ्या जगात चार. कापून किती घ्यायचं? निम्मं? त्याची आई काय सांगून गेली असेल? मी गप्प बसलो. रेडिओवर तीन सेकंद म्हणजे काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. परीक्षकानं विचारलं, "ऐकू आलं का?" मी जे ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, चार, आणि पाच नाही म्हणून नियमाप्रमाणं दुसरीकडं जातो असं सांगितलं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

तोंडी परीक्षेत लहरी कशा आपटून परत येतात ते मी इतकं रंगवून सांगितलं, की परीक्षकांनी हात वर करून थांबवलं. "पुरे. पुस्तकात एवढं नाहीये."

येताना गाडीत मी ठरवलं, उद्या सांगायचं. मग ठरवलं, निकाल लागू दे. नापास झालो तर सांगून उपयोग काय, आणि पास झालो तर लायसन्स हातात असेल, मग कुणी काय करणार? हिशेब असा केला मी. तो सांगायला मला लाज वाटते, पण तो माझाच आहे, दुसऱ्या कुणी केलेला नाही. निकालाला दीड महिना लागला. दीड महिना ती मुलगी सकाळी यायची, वर्गात खुर्च्या लावायची, दुसऱ्यांची विमानं उडताना बघायची, आणि आठवड्यातून कधीतरी एकदा शिक्षकासोबत वर जायची. वर गेली की रेडिओवर प्रत्येक आकडा दोनदा विचारायची. मॅडम दोनदा सांगायच्या. एकदाही वैतागल्या नाहीत.

लायसन्स आलं. पोस्टमननं स्टँडवरच दिलं, त्यामुळं घरी पोचायच्या आत पेढे वाटून झाले होते. वरातच निघायची बाकी होती. बायकोनं ते देवापुढं ठेवलं, हळदीकुंकू लावलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आता तरी सांगा काय ऱ्हातंय ते."

तिला सांगितलं. पूर्ण. तिनं काही कापलं नाही. मग म्हणाली, "त्या पोरीनं कान तपासले? अन् तुमी जीप थांबवून दिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅप्टनच्या खोलीत गेलो. मॅडम होत्या. मुलीलाही बोलावून घेतलं. मनात भाषण तयार होतं; घाटातला वाटसरू होता, माणुसकी होती, तिच्या आवाजातली भीती होती. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि भाषण गेलं.

"नऊ वाजता टाकी दिसत होती, देऊळ नव्हतं," मी म्हणालो. "मी पाच सांगितलं. वहीत तीन लिहिलं. इथं तुम्हाला खोटं सांगितलं."

कॅप्टन मग म्हणाले, "लायसन्स दाखवा." मी दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून परत दिलं. "हे सरकारनं दिलंय, मला काढून घेता येत नाही. माईक मात्र माझा आहे."

"हो, सर."

"परीक्षेच्या आधी का नाही बोललात?"

"लायसन्स हवं होतं, सर."

मुलगी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "ताई, चुकलो."

ती मग म्हणाली, "दादा, तुमचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं. अजून आठवलं तरी बरं वाटतं. त्याचं मी काय करू, सांगा?" आणि उठून गेली.

त्याच आठवड्यात तिला एकटीनं उडायची परवानगी परत मिळाली. कागद बदलला गेला. ती आता शिकून बाहेर पडली आहे. कुठं आहे मला माहीत नाही, विचारायची हिंमतही नाही. जाताना पेढे द्यायला गेटवर आली होती. पेढा दिला. दादा म्हणाली नाही.

कॅप्टननी मला काढलं नाही. गेटवर ठेवलं. लायसन्स माझ्या खिशात असतं आणि मी शेळ्या हाकलतो. मॅडमच्या पत्राशिवाय वर जाता येत नाही, आणि दुसरीकडं अर्ज करावा तर तिथंही आधीच्या ठिकाणचं पत्र मागतात. महिन्याच्या सुरुवातीला मी जिना चढून मॅडमकडं जातो. त्या कधी 'नाही' म्हणत नाहीत. एखादा प्रश्न विचारतात आणि माझं उत्तर ऐकून परत कामाला लागतात.

या वेळी त्यांनी विचारलं, "समजा उद्या असंच झालं. वर कुणी घाबरलेलं आहे. तुम्ही काय सांगाल?"

"जे दिसतं तेच, मॅडम."

"हे पुस्तकातलं झालं. ते मला पाठ आहे. तोंड उघडायच्या आधी तुमच्या मनात काय येईल?"

मी विचार केला. खरंच केला. खाली शेडमधून इंजिन सुरू झाल्याचा आवाज येत होता.

"आधी पाचच येईल," मी म्हणालो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघत राहिल्या, पहिल्यांदाच जरा जास्त वेळ. पत्र काही लिहिलं नाही. "पुढच्या महिन्यात या," म्हणाल्या, आणि खुर्ची काचेकडं वळवून माईक जवळ ओढला, कारण विमान पट्टीच्या टोकाला येऊन वारा विचारत होतं.